खाजगी माणसाकडून पैसे घेऊ का? तीन पर्याय आहेत, तिन्हींची भीती वाटते

कोरडा_पाट (सोमवार, रात्री ११:४०)

बरीच वर्षं बहुतेक वाचतोच, स्वतःचा धागा काढायची वेळ आज आली. माझं छपाईचं छोटं काम आहे, हाताखाली दोन माणसं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाच महिने बिल अडकवलंय. रोज "पुढच्या आठवड्यात" ऐकतो. जागेचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय, पोरांचे पगार मागच्या महिन्यात अर्धेच दिले. गेल्या वर्षी दोन हप्ते चुकले होते म्हणून बँकेने दारातूनच परत पाठवलं. आकडा सांगत नाही, पण साधारण चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम हवी आहे.

पर्याय असे:

पहिला, ओळखीतून कळलेले एक गृहस्थ. "दोन टक्क्यांनी देतो" म्हणतात. त्यांना सही केलेले दोन कोरे चेक हवेत.

दुसरा, माझा मावसभाऊ. बिनव्याजी देईल बहुतेक, पण बायको म्हणते त्याच्याकडे नको.

तिसरा, नेटवर भेटलेला एक खाजगी गुंतवणूकदार. वर्षाला तीन टक्के, तारण नाही, जामीन नाही, दोन दिवसांत पैसे खात्यात.

कागदावर तिसराच सगळ्यात स्वस्त दिसतो. अनुभवी लोकांनी बोलावं.

आकडेमोड (सोमवार, रात्री ११:५८)

आधी एक विचारतो. ते गृहस्थ दोन टक्के म्हणाले ते महिन्याचे की वर्षाचे? व्याजाने पैसे देणारा माणूस "शेकडा दोन" म्हणतो तेव्हा शंभराला महिन्याला दोन असाच अर्थ असतो. ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते सगळ्यांना ठाऊकच असतं.

कोरडा_पाट (मंगळवार, सकाळी ७:१०)

विचारलं. महिन्याचे. मी वर्षाचे धरून चाललो होतो.

अंथरूण_पाय (मंगळवार, सकाळी ८:०२)

म्हणूनच म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. धंदा झेपत नाही तर करायचाच कशाला? नोकरी धरा. कर्ज घेऊन पगार वाटणारा धंदेवाला आजवर तरलेला पाहिला नाही.

सांजवात (मंगळवार, सकाळी ८:३१)

पायसाहेब, त्यांनी पाय पसरलेलेच नाहीत. त्यांचं अंथरूण दुसऱ्याने ओढून नेलंय. बिल पाच महिने अडकलंय, नीट वाचा.

कोरडा_पाट, तुमच्या बायकोचं म्हणणं सोडून देऊ नका. आम्ही अडचणीत होतो तेव्हा मोठ्या दिरांनी बिनव्याजी पैसे दिले होते. उपकार होते, नाकारत नाही. पण पुढची तीन वर्षं आमच्या घरात काय येतं नि काय जातं यावर त्यांचा डोळा राहिला. उन्हाळ्यात एक टेबलफॅन घेतला, तोही जुना. भाऊजी आले, पाणी प्यायले, फॅनकडे बघितलं आणि हसत विचारलं, "हे कधी आलं?" एवढंच. त्यानंतर ते येणार असं कळलं की मी फॅन आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी मी तो फॅन बाहेरच्या खोलीत आणून फुल्ल लावला. बाहेर पाऊस पडत होता.

व्याज लागलं असतं तर बरं झालं असतं असं तेव्हा कितीदा तरी वाटलं.

आकडेमोड (मंगळवार, सकाळी ९:१५)

सांजवातताई, फॅनची गोष्ट भारी.

आता पहिल्या पर्यायाचं गणित. महिन्याला दोन म्हणजे सरळव्याजाने वर्षाला २४ टक्के. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवत गेले, म्हणजे चक्रवाढ धरली, तर वर्षाला जवळजवळ २६.८. खाजगी बाजारात हा दर फार चढा नाही, महिन्याला दहा घेणारेही असतात. तिथे वर्षाचे सरळ १२० होतात आणि चक्रवाढीने २१४ च्या आसपास.

पण खरी गोम दरात नाही, फेडीच्या पद्धतीत आहे. अशा ठिकाणी बहुतेक वेळा नुसतं व्याज देत राहायचं असतं आणि मुद्दल जमेल तेव्हा एकरकमी. ते जमत नाही. शेकडा दोनने ५० महिने व्याज भरलंत की मुद्दलाएवढे पैसे त्याच्या घरी गेलेले असतात आणि मुद्दल जागच्या जागी उभं असतं. म्हणून दराच्या आधी हे विचारा की मधेच थोडं मुद्दल दिलं तर चालेल का आणि पुढच्या महिन्यापासून व्याज उरलेल्या रकमेवर लागेल का. "नाही, सगळं एकदम आणा" असं उत्तर आलं तर उठून या.

दुसरं, व्याज आधीच कापून घेतात का तेही बघा. कागदावर १००, तीन महिन्यांचं व्याज कापून हातात ९४, म्हणजे ९४ वर सहा भरलेत. दर वाढला की. रोजवसुलीत याचं टोक दिसतं. हातात ८५ देतात आणि रोज एक असे १०० दिवस घेतात. ऐकायला "फक्त पंधरा" वाटतात. पण मुद्दल रोज परत जात असतं, त्यामुळे सरासरीने निम्म्याच्या आसपासच पैसे तुमच्याकडे असतात. दिवसाचा दर पडतो ०.३३ टक्के, म्हणजे वर्षाला १२० च्या घरात.

हप्त्यांचं कर्जही असंच फसवतं. पूर्ण मुद्दलावर वर्षभराचे १२ टक्के धरून बारा समान हप्ते पाडले, तर घटत्या शिलकीवर तो दर साडेएकवीसच्या जवळ जातो.

तिऱ्हाईत (मंगळवार, सकाळी १०:४०)

पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायावर सावकाश बोला. तिसऱ्याशी बोलणं आत्ताच्या आत्ता थांबवा.

ज्याला बँक कर्ज देत नाही अशा अनोळखी माणसाला, काहीही तारण न घेता, बँकेपेक्षा स्वस्तात पैसे कोण देईल? त्याला ते बुडण्याची भीती का वाटत नाही? तर तो देणारच नाहीये म्हणून. पैसे तुम्ही देणार आहात. आधी फाइलचं शुल्क, मग विम्याचं, मग कर, मग "तुम्ही खातं क्रमांक चुकीचा टाकलात, रक्कम गोठली, सोडवायला अमुक भरा". प्रत्येक रक्कम मंजूर कर्जाच्या मानाने किरकोळ असते, म्हणून माणूस भरत जातो. बहुतेकांना वाटतं, एवढे भरले तर आता मागे कशाला फिरायचं.

कर्ज हातात पडायच्या आधी तुमच्याकडून पैसे मागणारा कर्ज देत नसतो. अस्सल ठिकाणीही शुल्क असतं, पण ते सहसा मंजूर रकमेतून वजा होतं. कुणाच्या तरी मोबाइलवरच्या वैयक्तिक खात्यात ते आगाऊ पाठवायला सांगत नाहीत.

शुभ_कर्ज_सेवा (मंगळवार, दुपारी १२:०५)

*[हा प्रतिसाद काढून टाकला आहे. व्यवस्थापक]*

व्यवस्थापक (मंगळवार, दुपारी १२:२०)

कर्ज देतो असं सांगणारे असे प्रतिसाद या धाग्यावर सकाळपासून तीनदा काढले. सदस्यांना खाजगी निरोपही जात असतील. त्यांना उत्तर देऊ नका, आम्हाला कळवा.

पाणपोई (मंगळवार, दुपारी १२:२६)

सावकारीच्या धाग्यावर सावकार. गुळाला मुंगळे.

कोरडा_पाट (मंगळवार, दुपारी १:५०)

लाज वाटते, पण लिहितो. तिसरा पर्याय याच आयडीकडून आला होता. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी अडचण लिहिली, त्याच रात्री त्याचा निरोप आला. ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो, माझा हातात कागद धरलेला फोटो आणि बँकेचं विवरण पाठवून झालंय. शनिवारी "विमा शुल्क" भरलं. फार नाही, पण भरलं. काल सकाळी "कर शुल्क" मागितलं तेव्हा शंका आली आणि रात्री हा धागा काढला. भरलं हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायची हिंमत झाली नाही.

तिऱ्हाईत (मंगळवार, दुपारी २:०४)

लाज त्याला वाटायला हवी. आणि शंका आल्यावर तुम्ही थांबलात, बरेच जण थांबत नाहीत.

आता हा धागा बंद करून पहिला फोन बँकेला लावा. शनिवारचा व्यवहार फसवणुकीचा आहे म्हणून सांगा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. पैसे पुढच्या खात्यातून उचलले गेले नसतील तर अडवता येतात, उशीर झाला की संपलं. मग पोलिसांकडे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार. त्याचे निरोप पुसू नका, सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या.

कागदपत्रांचं दुखणं लांबतं. तुमच्या नावावर दुसरीकडे कर्ज किंवा सिमकार्ड निघू शकतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवाल (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) बघत राहा.

अजून एक. काही दिवसांनी कुणीतरी निराळाच माणूस येईल, वकील किंवा अधिकारी म्हणून. "तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो, थोडं शुल्क लागेल." बहुतेक तोच असतो, किंवा ज्याला तुमचं नाव विकलंय तो.

कोरडा_पाट (मंगळवार, दुपारी ३:३०)

बँकेला सांगितलं, क्रमांक मिळाला. तक्रारही केली. आभार. उरले दोन.

पोथीवाला (मंगळवार, रात्री ९:१०)

थोडं अवांतर, चालवून घ्या.

कर्जदार अडला की त्याला किती पिळायचं याला मर्यादा हवी, हा शोध आपला नव्हे आणि आजचाही नव्हे. इसवीसनापूर्वी अठराव्या शतकातल्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेतलं ४८ वं कलम सांगतं की वादळाने पीक गेलं, पूर आला किंवा पाण्याअभावी धान्य पिकलं नाही तर त्या वर्षाचं व्याज कर्जदाराने देऊ नये. आपल्याकडचा दामदुप्पट शब्द आता गुंतवणुकीच्या जाहिरातीत जाऊन बसलाय, पण मुळात ती लगाम घालणारी गोष्ट होती. एकावेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आहे. रोमन कायद्यात असाच नियम होता. तिथून तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि त्यांच्या २००५ च्या पतविषयक कायद्यातही आहे.

आणि अडलेल्याला छोटी रक्कमच हवी असते, याचं उदाहरण म्हणजे १९७६ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशातल्या जोब्रा गावात स्वतःच्या खिशातून ४२ जणांना दिलेले पैसे. सगळे मिळून अवघे २७ डॉलर. बांबूची स्टुलं विणणाऱ्या बाया व्यापाऱ्याकडून उधारीवर बांबू घ्यायच्या आणि अट अशी की तयार माल त्यालाच, त्याच्याच भावाने विकायचा. व्याज असं वेगळं दिसतच नव्हतं, ते मालाच्या पडत्या भावात लपलेलं होतं. त्यातून पुढे १९८३ मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक उभी राहिली.

अंथरूण_पाय (मंगळवार, रात्री ९:२५)

म्हणजे आता धागाकर्त्याने हम्मुराबीकडे अर्ज करायचा का?

पोथीवाला (मंगळवार, रात्री ९:२८)

करायला हरकत नाही. तो निदान कोरे चेक मागणार नाही.

जामीनदार_एकदाचा (मंगळवार, रात्री १०:१५)

कोऱ्या चेकवर मीच लिहिणार होतो.

सही केलेला कोरा चेक म्हणजे आकडा आणि तारीख भरायचा हक्क तुम्ही दुसऱ्याला दिलात. देताना तो म्हणतो "नुसती सुरक्षा म्हणून, कपाटात राहील". राहतोही, भांडण होईपर्यंत. कोऱ्या मुद्रांकावर, कोऱ्या कागदावर सही तर त्याहून वाईट. द्यायचाच झाला तर आकडा, नाव, तारीख भरून द्या, चेकचा क्रमांक कराराच्या कागदावर लिहा आणि फेड झाल्यावर तो परत मिळेल हेही लिहा. घराचे मूळ कागद, एटीएम कार्ड, पासबुक असलं काही कुणाच्या ताब्यात देऊ नका.

नाव बघून कळलं असेलच, मी एका मित्राला जामीन राहिलो होतो. मला वाटायचं जामीन म्हणजे चांगुलपणाची साक्ष. मित्राने गाव सोडलं आणि घेणेकरी माझ्या दारात. तो माणूस मित्राला शोधायला एकदाही गेला नाही. कशाला जाईल? माझा पत्ता पक्का होता.

धनको (बुधवार, सकाळी ६:४५)

मी देणाऱ्यांतला. व्याजाचा धंदा नाही, पण चार जणांना अडीनडीला दिलेत. दोन परत आले, एक अर्धा आला, एक बुडाला.

जे दोन परत आले त्यातला एक ठरल्यापेक्षा चौदा महिने उशिरा आला. तरी त्याची मला एक रात्रही काळजी वाटली नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचा निरोप यायचा. कधी पैसे, कधी नुसतं "या महिन्यात जमत नाही, पुढच्या पाचला सांगतो". एकदा पाच तारखेला तो दवाखान्यात होता, तर मुलीकडून निरोप धाडला. बुडवणाऱ्याकडे कदाचित याच्यापेक्षा जास्त पैसे होते. पण त्याने दुसऱ्याच महिन्यात फोन उचलणं बंद केलं. समोरून येताना दिसला की त्याला अचानक फोन यायचा, कानाला लावून वळायचा. एकदा तो कानाला लावलेला असतानाच मी रिंग दिली. त्याच्या कानातच वाजला.

आणखी एक, तुम्हाला पटणार नाही. कागद करू या असं म्हणायला देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त संकोच होतो. अडलेल्या माणसाला सही मागायची म्हणजे आपणच सावकार झाल्यासारखं वाटतं. घेणाऱ्याने आपणहून कागद पुढे केला तर आम्ही सुटतो.

सांजवात (बुधवार, सकाळी ७:३०)

कानातच वाजला! सकाळी सकाळी चहा सांडवलात.

पाणपोई (बुधवार, सकाळी ८:१०)

एक भाबडा प्रश्न. उसने घ्यायच्या आधी त्या बिल अडकवणाऱ्यालाच सूट देऊन बघितली का? "शुक्रवारपर्यंत दिलंत तर पाच टक्के सोडतो" असं लेखी कळवा. शेकडा दोनने पाच महिने पैसे वापरलेत तर दहा टक्के जाणारच आहेत, मग पाचावर सुटलेलं काय वाईट? आणि जागामालकाशी बोललात का, की नुसते टाळताय?

कोरडा_पाट (बुधवार, सकाळी ८:४०)

टाळतोय. दुकानाला मागच्या दाराने जातो. धनकोंचं वाचून कानशिलं गरम झाली.

आकडेमोड (बुधवार, सकाळी ११:००)

मग कामाला लागा. मावसभावाकडे जायचं ठरलं तर कागद तुम्ही लिहून न्या. भारी भाषा नको, एक पान पुरे. कुणी कुणाला कोणत्या तारखेला किती दिले, कोणत्या मार्गाने दिले (खात्यातून खात्यात, रोख नको), व्याज किती आणि ते शिलकीवर. बिनव्याजी असेल तर "बिनव्याजी" हा शब्द लिहा, गाळू नका. हप्त्याची तारीख. आलेला पैसा आधी मुद्दलात धरायचा की व्याजात, हे जरूर लिहा. लिहिलेलं नसलं तर सहसा आधी व्याजात जातो. एखादा हप्ता चुकला तर काय होईल तेही लिहा. माणसं नेमकं हेच लिहायचं टाळतात, अपशकुन वाटतो म्हणून. दोघांपैकी कुणाचं बरंवाईट झालं तर घरच्यांनी काय करायचं, त्यावरही एक ओळ. दोन्हीकडच्या सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती.

प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. निरोपावर "मिळाले, बाकी एवढे" इतकं उत्तर आलं तरी चालतं. बाकीचा आकडा मात्र दर वेळी त्याच्याकडून आला पाहिजे. वर्षाने दोघांच्या डोक्यात दोन वेगळे आकडे असतात आणि दोघेही खोटं बोलत नसतात.

रक्कम मोठी असेल तर मुद्रांक, नोंदणी, मुदत यांचे नियम वकिलाला विचारा. जागोजागी वेगळे असतात. बऱ्याच ठिकाणी जुनं कर्ज लेखी कबूल केलं किंवा त्याचा एखादा हप्ता दिला की वसुलीची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तुम्ही दोघंही त्यात येता, म्हणून सांगितलं.

सांजवात (बुधवार, सकाळी ११:२०)

आणि व्याज द्या. भाऊ नको म्हणाला तरी द्या. त्याचे पैसे बँकेत राहिले असते तर जेवढं मिळालं असतं तेवढं तरी. फॅन आतल्या खोलीत न्यावा लागणार नाही.

कोरडा_पाट (तेवीस दिवसांनी, शुक्रवार, रात्री १०:०५)

धागा वर काढतोय, कारण काहींनी निरोप पाठवून विचारलं.

गिऱ्हाइकाला सूट देऊ केली. आठ दिवस गप्प, मग नवव्या दिवशी ४० टक्के बिल आलं. बाकीचं अजून पुढच्या आठवड्यातच आहे. जागामालकाकडे पुढच्या दाराने गेलो. चिडले, खूप बोलले, मग दोन महिन्यांचं भाडं सहा भागांत द्यायला कबूल झाले. त्यामुळे चार महिन्यांच्या खर्चाएवढं लागणार होतं ते दीड महिन्यावर आलं. शेकडा दोनवाल्या गृहस्थांना नमस्कार सांगून टाकला.

मावसभावाकडे मी आणि बायको दोघं गेलो. सांजवातताईंचा प्रतिसाद तिने माझ्या आधीच वाचला होता, त्यामुळे व्याजाची अट तिचीच. भाऊ आधी रागावला, "मला परका समजता का?" मी कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून पूर्ण वाचला. पोथीवाल्यांच्या भरवशावर मी एक ओळ घातली होती, व्याज कधीही मुद्दलापेक्षा जास्त होणार नाही अशी. तिथे येऊन तो इतका हसला की वहिनी आतून बाहेर आल्या. म्हणाला, "अरे, या दराने मुद्दलाएवढं व्याज व्हायला आपल्याला म्हातारं व्हावं लागेल." मग पेन घेऊन फक्त एक गोष्ट बदलली, हप्त्याची पाच तारीख खोडून दहा केली. तुझे पगार पाचला होतात, म्हणाला, आधी पोरांचे दे.

शनिवारी भरलेलं विमा शुल्क काही परत आलेलं नाही. आणि हो, "पैसे सोडवून देणाऱ्या" वकिलाचा फोन येऊन गेला.

तिऱ्हाईत (शुक्रवार, रात्री १०:२०)

आला ना! कितव्या दिवशी?

कोरडा_पाट (शुक्रवार, रात्री १०:२२)

अकराव्या. आवाज फार सज्जन होता.

धनको (पुढच्या महिन्यात, ११ तारीख, सकाळी ७:००)

काल दहा तारीख होती. निरोप गेला का?

कोरडा_पाट (११ तारीख, सकाळी ७:४५)

गेला. "या महिन्यात निम्मेच जमतायत, बाकीचे पुढच्या दहाला." पाठवायला अर्धा तास लागला, तीनदा पुसून लिहिला. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

पाणपोई (११ तारीख, सकाळी ७:५१)

दाखवला की पाठवला?

कोरडा_पाट (११ तारीख, सकाळी ८:०३)

पाठवला, पाठवला. खाली लिहिलंय, "मिळाले, बाकी एवढे." आकड्यासकट.